दादाचा एक पॉइंट

नाशिकमध्ये बिबट्या हा काही खेळाचा विषय नव्हता. कुणी "बिबट्या आला" म्हणालं की लोक आधी पोरं घरात घेत आणि मग स्वतः मोबाइल घेऊन बाहेर येत. ऊसतोड झाली की तो बंगल्यांच्या कॉलन्यांत शिरे, कुणाच्या जिन्याखाली बसे, वनखात्याची माणसं जाळी घेऊन येत आणि त्या जाळीत बिबट्याच्या आधी हटकून एखादा व्हिडिओ काढणारा सापडे. त्यामुळे शहरात पहिल्यांदाच पगारी खेळाडूंची बास्केटबॉल टीम येतेय आणि तिचं नाव 'नाशिक बिबटे' ठेवलंय, ही बातमी वाचून आमच्या आईने चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "मग पिंजरा कुठे लावणार आहेत?"

पहिल्या मॅचच्या आधी शहराला जे काही चढलं होतं, त्याला ताप म्हणावं की नशा हे मला अजून ठरवता आलेलं नाही. बास्केटबॉलचे नियम माहीत असलेली माणसं सगळ्या शहरातून गोळा केली असती तर एका रिक्षात मावली असती, पण मत नसलेला माणूस एकही नव्हता. एका हॉटेलवाल्याने 'बिबट्या मिसळ' काढली. ती खाऊन माणूस डरकाळी फोडतो असं पाटीवर लिहिलं होतं, आणि ते खरंच होतं. नाशिकरोडच्या एका सलूनमध्ये मागच्या केसांत ठिपके रंगवून मिळत. आमच्या कॉलेजमधली तीन पोरं तशी रंगवून आली आणि प्रॅक्टिकलच्या परीक्षेला टोपी घालून बसली. रिक्षाला भोंगा लावून एक माणूस गावभर ओरडत फिरायचा, "येत आहेत! येत आहेत! शनिवारी संध्याकाळी सहा वाजता बिबटे येत आहेत!" हे कुणीतरी रेकॉर्ड करून पुढे पाठवलं, ते फिरत फिरत पेठकडच्या एका वाडीत पोहोचलं आणि तिथल्या लोकांनी शनिवारी दुपारपासूनच शेळ्या आत बांधल्या, असं ऐकलं. खरं-खोटं तेव्हाही तपासलं नाही. चांगली गोष्ट कशाला बिघडवायची?

आम्ही राहायचो एकलहऱ्याला, वीज केंद्राच्या कॉलनीत. पप्पा बॉयलरवर होते. तीन पाळ्यांत फिरणारा माणूस घरात असला की घराला स्वतःचं घड्याळ राहत नाही. पप्पांची रात्रपाळी असली की दिवसभर आम्ही कुजबुजत जगायचो आणि दोन शिट्ट्या झाल्या की आई कुकर उचलून गॅलरीत नेऊन ठेवायची. खरं तर त्याची गरज नव्हती. आयुष्यभर यंत्रांच्या घरघरीत उभं राहून पप्पांचे कान अर्धे गेले होते. त्यांना जाग यायची ती उलट शांततेने. लाइट गेली, पंखा थांबला, की ते ताडकन उठून बसायचे आणि "काय बंद पडलं?" म्हणून विचारायचे. चिमणीची राख सगळ्या कॉलनीवर बारीक पिठासारखी बसायची. आई दोरीवरचे कपडे काढताना प्रत्येक कपडा तीनदा झटकायची आणि प्रत्येक झटक्याला सरकारला एक शिवी द्यायची, पण शिवी पूर्ण व्हायच्या आत पप्पांकडे बघून गिळायची, कारण आमचं सरकार म्हणजे पप्पाच.

कॉलनीच्या क्लबच्या मागे बास्केटबॉलचं सिमेंटचं कोर्ट होतं. सकाळी पहिल्यांदा बॉल आपटला की राखेत गोल ठसा उठायचा, आणि तासाभरात सगळं कोर्ट पिठाच्या डब्यात पोरांनी बोटं घातल्यासारखं दिसायचं. जुनी रिंग गंजून पडली तेव्हा पप्पांनी वर्कशॉपमधल्या पाइपाची नवीन वाकवून दिली. ती जरा लहान झाली. पप्पा म्हणाले, "यात जाईल तो कुठंही जाईल." मी आणि ओंकारदादा त्या रिंगवर वाढलो. दादा माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा, सहा फूट चार इंच. मी पाच फूट अकरा. त्यामुळे घरात मला छोटी म्हणत. कॉलनीबाहेर मला ज्या नावांनी हाका मारत त्यातलं सगळ्यात सभ्य नाव 'चिमणी' होतं, आणि ते पाखरावरून नव्हतं.

आता एक गोष्ट सांगून टाकते, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. आमच्या दोघांत बॉल चांगला मी टाकायचे. ही बढाई नाही. या वयात बढाया मारायला माझ्याकडे इतर विषय भरपूर आहेत. दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली आहेत, त्यावरच मी दोन तास बोलू शकते. पण खरं ते खरं. रोज संध्याकाळी आम्ही फ्री थ्रोची, म्हणजे ठरलेल्या रेषेवर उभं राहून बॉल टाकायची, पैज लावायचो, हरणाऱ्याने रात्रीची भांडी घासायची. दादाने इतकी वर्षं इतकी भांडी घासली की पुढे त्याच्या बायकोने लग्नानंतर महिन्याभरात आईला फोन करून आभार मानले. दादा धावायचा छान, उडी जबरदस्त, अंगात ताकद. पण बॉल हातातून सुटताना त्याच्या चेहऱ्यावर गॅस बंद केला की नाही हे आठवत असल्याचा भाव असायचा.

बिबट्यांच्या निवडीला मी त्याच्याबरोबर गेले होते. त्याची बाटली, त्याचे जादा मोजे आणि त्याची भीती, असं सगळं माझ्याकडे दिलेलं होतं. नोंदणीच्या टेबलाशी मी उगाच वाकून फॉर्म बघितला, तर तिथला माणूस अगदी प्रेमाने म्हणाला, "ताई, प्रेक्षकांचं पलीकडे." मी विचारलं, "मुलींची टीम?" तो म्हणाला, "पुढच्या वर्षी बघू ना." हे वाक्य तो इतक्या सहज म्हणाला की त्याला ते झोपेतही येत असावं. बाकी सगळे खेळाडू बाहेरचे होते: पंजाबचे, केरळचे, दोन तर परदेशातले. पण प्रत्येक टीममध्ये एक तरी स्थानिक मुलगा हवा असा नियम होता. कोच लुधियानाचे सरदारजी. त्यांनी सहा फुटांवरच्या नाशिककर पोरांना पळवलं, उड्या मारायला लावल्या आणि शेवटी जो उलटी न करता उभा राहिला त्याला घेतलं. तो आमचा दादा. बारावा खेळाडू.

बारावा खेळाडू म्हणजे काय ते आम्हाला ठाऊक होतं. शहराला नव्हतं. शहराच्या लेखी अकरा भाड्याचे होते आणि एक आपला होता. आठवड्याच्या आत बिटको चौकात फ्लेक्स लागला: 'नाशिकचा ढाण्या बिबट्या, बास्केटबॉलपटू ओमकार.' नाव चुकलं होतं, फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढा होता आणि शेजारी शुभेच्छुकांचा फोटो पुरुषभर उंचीचा होता. आई रिक्षातून उतरून तो फ्लेक्स बघत उभी राहिली आणि म्हणाली, "खेळणार कोण आहे नक्की?" मग सत्कार सुरू झाले. गणपती मंडळ, भाजी मार्केट, भिशी मंडळ, सोसायटीचा ज्येष्ठ नागरिक संघ. प्रत्येकाने शाल आणि नारळ दिला. शाली आईने ट्रंकेत टाकल्या, पण नारळांचं काय करायचं? आमच्या घरी त्या महिन्यात नारळाची चटणी, नारळीभात, नारळाच्या वड्या, सोलकढी असं सगळं झालं. शेवभाजीच्या रश्शातसुद्धा नारळ पडला, तेव्हा पप्पांनी ताट बाजूला सरकवलं आणि म्हणाले, "ओंकार, आता पेढे देणारं मंडळ बघ."

सगळे हसलो. दादा हसला नाही. तो त्या दिवसांत गप्प होत चालला होता. प्रॅक्टिस करून आला की सरळ कोर्टवर जायचा आणि अंधार पडेपर्यंत फ्री थ्रो टाकत राहायचा. मी खाली उभी राहून बॉल परत द्यायचे. आणि बॉल जात नव्हते. पूर्वी दहातले सहा-सात तरी जायचे, आता तीन, कधी दोन. एका संध्याकाळी तो बॉल पोटाशी धरून उभा राहिला आणि म्हणाला, "छोटे, मला आत उतरवूच नये अशी प्रार्थना कर."

"कुणाकडे करू? आईने सगळे नारळ खाऊन टाकलेत."

"चेष्टा करू नकोस गं. काहीतरी बिघडलंय. तुला दिसतंय का काही?"

मला दिसत होतं. तीन आठवड्यांपासून दिसत होतं. बॉल वर नेताना त्याचं उजवं कोपर बाहेर जायला लागलं होतं, कोंबडीच्या पंखासारखं. खांदे भरल्यामुळे असेल, कुणाचंतरी बघून उचललं असेल. बारावा खेळाडू, त्याच्याकडे बघायला टीममध्ये वेळ कुणाला होता? मला एक शब्द बोलायचा होता. 'कोपर.' मी त्याच्याकडे बघितलं. त्याच्या अंगावर बिबट्यांची पिवळी जर्सी होती, पाठीवर आमचं आडनाव होतं. तेच आडनाव माझंही होतं.

"नाही रे," मी म्हणाले. "मस्त चाललंय."

का, ते मी पुढे अनेकदा स्वतःला विचारलं आहे आणि दरवेळी मला चांगलं दिसेल असं उत्तर शोधत राहिले आहे. तसं उत्तर नाही. मला त्याचा हेवा वाटत होता. त्याने वाईट खेळावं असं मी म्हटलं नसतं. पण तो वाईट खेळत होता आणि मला बरं वाटत होतं. त्या रात्री पैजेची भांडी त्यानेच घासली आणि मी गॅलरीत बसून नारळाची वडी खाल्ली. गोड लागली, हे त्यातलं सगळ्यात वाईट.

मॅचच्या दिवशी दुपारीच लासलगावहून बबनमामा आला. हा आईचा सख्खा भाऊ. मार्केट यार्डात कांद्याचे लिलाव पुकारण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं, त्यामुळे घरात पाणी मागतानाही तो शंभर माणसांना ऐकू जाईल असं मागायचा. त्याने पिकअपमधून गावची सतरा माणसं आणली होती. पास होते सहा. "ते बघू रे," मामा म्हणाला, "गेटवरचा माणूस आपलाच आसंल." आणि खरंच तो आपलाच निघाला, मामाने त्याला दोन मिनिटांत गाव, आडनाव आणि सोयरीक असं सगळं विचारून मावसभाऊ करून टाकलं. पप्पांनी लग्नाचा कोट घातला होता. आईने डब्यात पुऱ्या आणि बटाट्याची भाजी घेतली होती. भाजीत नारळ नव्हता.

इनडोअर स्टेडियममध्ये मुंगीला जागा नव्हती. एका बाजूला ढोल पथक. पन्नास ढोल, छपराखाली. पहिला ठोका पडला तेव्हा छपरावरची कबुतरं उडाली आणि पप्पा प्रसन्न हसले, कारण त्यांना पहिल्यांदाच कुठेतरी घरच्यासारखं वाटलं. बिबट्याचा वेश घातलेला एक जण कोलांट्या मारत आला आणि तिसऱ्या कोलांटीला त्याचं डोकं निखळून प्रेक्षकांत गेलं. ते पुढचा अर्धा तास डोक्यांवरून फिरत राहिलं. समोरची टीम पुण्याची होती. त्यामुळे नियम माहीत नसले तरी शत्रू कोण हे समजावून सांगावं लागलं नाही.

मॅच सुरू झाली. लांबून टाकलेल्या बॉलला तीन पॉइंट का, हे मामाला काही केल्या पटेना. "बॉल तोच, बुट्टी तीच. मग लांबून टाकल्याला जास्त भाव कशापायी?" मी म्हणाले, "लांबून आणायला कष्ट जास्त ना." तेव्हा त्याला एकदम पटलं आणि त्याने ते मागच्या तीन रांगांना समजावून दिलं. लोक प्रत्येक बॉलला टाळ्या वाजवत होते, मग तो कुणाच्याही रिंगमध्ये जावो. ढोलवाले तर आपल्या खेळाडूंच्या फ्री थ्रोलाही जीव तोडून वाजवायचे. आमच्या केरळच्या उंच खेळाडूने त्या दणक्यात लागोपाठ चार घालवले. शेवटी टीमचे मालक, चांगला सुटाबुटातला माणूस, ढोल पथकापुढे जाऊन हात जोडून उभे राहिले: आपला माणूस टाकत असेल तेव्हा तरी कृपा करा.

दादा बाकाच्या टोकाला बसला होता, गुडघ्यांवर टॉवेल घेऊन. तिसऱ्या भागापासून लोकांनी "ओं-कार! ओं-कार!" सुरू केलं. त्यांना वाटत होतं की हा हुकमी पत्ता कोचने मुद्दाम राखून ठेवलाय. मी दादाकडे बघत होते. प्रत्येक आरोळीला तो टॉवेल थोडा वर ओढत होता. आणखी पाच मिनिटं चाललं असतं तर त्याने तो डोक्यावरून घेतला असता. मग शेवटची दोन मिनिटं उरली असताना आमच्या एका पंजाबी खेळाडूचे पाच फाउल झाले आणि तो बाहेर गेला. त्याच्या जागी खेळणाऱ्या दुसऱ्याचा पाय मुरगळलेला होता. सरदारजींनी बाकावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजर फिरवली. दुसऱ्या टोकाला दादा होता.

तो उठला तेव्हा जो आवाज झाला तसा आवाज मी परत ऐकला नाही. आईने पुरीचा डबा छातीशी धरला. मामा बाकावर चढला. आणि दादा बरा खेळला, हे मला सांगितलंच पाहिजे. तो धावला, त्याने एकदा हवेत जाऊन पुण्याच्या माणसाच्या डोक्यावरून बॉल काढला, एकदा स्वतः खाली पडून वाचवला. आम्ही दोन पॉइंटांनी मागे होतो. अकरा सेकंद उरले होते. दादाच्या हातात बॉल आला, तो रिंगखाली घुसला, वर गेला आणि दोघांनी त्याला हवेतच आडवा केला. शिट्टी. दोन फ्री थ्रो, प्रत्येकी एक पॉइंट.

मालक पुन्हा ढोल पथकाकडे पळाले. पण या वेळी गरज नव्हती. पन्नास जणांनी टिपऱ्या आपणहून खाली धरल्या होत्या. इतकी माणसं आणि इतकी शांतता. पप्पा दचकले आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "काय बंद पडलं?"

दादाने बॉल तीनदा आपटला, वर नेला, आणि कोपर बाहेर गेलं. मला तो बॉल हातातून सुटायच्या आधीच कळला. तो रिंगला लागलासुद्धा नाही. सगळ्या स्टेडियममधून एक लांब उसासा निघाला, आणि मागे कुणीतरी हसलं. एकच माणूस हसला. पण त्या शांततेत तेवढं पुरलं. दादाचे कान लाल झाले. आणि त्या क्षणी, खरं सांगते, मला बरं वाटलं नाही. तीन आठवडे जे गोड लागत होतं ते सगळं घशाशी आलं. मी उभी राहिले. माझा आवाज मामाच्या वळणाचा आहे हे मला तोवर माहीत नव्हतं.

"दादा! कोपर! कोपर आत घे!"

सगळं स्टेडियम माझ्याकडे वळलं. दादाही वळला. लांबूनही मला त्याचा चेहरा स्पष्ट दिसला, कारण मी तो लहानपणापासून वाचत आले होते. आधी त्याला काही कळलं नाही. मग त्याने स्वतःच्या हाताकडे बघितलं. मग पुन्हा माझ्याकडे बघितलं, आणि त्या दुसऱ्या बघण्यात त्याला सगळं कळलं होतं: कोपर, आणि ते मला कधीपासून माहीत असणार तेही. त्याने रिंगकडे तोंड केलं, कोपर आत घेतलं आणि बॉल टाकला. जाळीलाच काय तो स्पर्श झाला.

एक पॉइंट. मग पुण्याने बॉल लांब फेकला, आमची पोरं त्याच्यामागे धावली, आणि भोंगा वाजला. आम्ही एका पॉइंटने हरलो. पण हे निम्म्या लोकांना कळलंच नाही. बॉल गेलेला त्यांनी बघितला होता, भोंगा ऐकला होता, आणि ढोलवाल्यांना तर वाजवायला निमित्तच हवं होतं. लोक नाचायला लागले. मामाने पप्पांना खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला. पुण्याची टीम आनंदाने मैदानाच्या मधोमध उड्या मारत होती आणि नाशिक तिच्यापेक्षा जास्त नाचत होतं. पाचेक मिनिटांनी मामा घाम पुसत माझ्याकडे आला. "छोटे, जिंकलो ना आपण?"

"नाही मामा. एकाने हरलो."

"एकच ना? मंग लय नाय," तो म्हणाला, आणि परत नाचायला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर दादा कोर्टवर होता. मी खाली गेले. त्याने बॉल टाकला, गेला. परत टाकला, गेला. मी बॉल उचलून त्याला द्यायला गेले तर त्याने हात पुढे केला नाही.

"कधीपासून दिसत होतं?"

"तीन आठवडे."

"मी विचारलं होतं तुला."

"हो."

त्याने चिडावं, बॉल फेकून मारावा, अशी मी वाट बघत होते. तो फक्त म्हणाला, "हसला ना तो मागे, त्याचा राग नाही आला मला," आणि घरी निघून गेला. पुढे आठ दिवस तो माझ्याशी बोलला नाही. आईला वाटलं, भर स्टेडियममध्ये ओरडले म्हणून त्याला लाज वाटली, ती मला म्हणाली, "भावाच्या चुका अशा चारचौघांत सांगतात का?" मला खरं सांगणं भाग पडलं, आणि ते मी जेवताना, सगळ्यांसमोर, दादासमोर सांगितलं. आईच्या हातातला भाताचा चमचा तसाच राहिला. पप्पांनी मला वाक्य पुन्हा मोठ्याने बोलायला लावलं, म्हणजे कबुली मी दोनदा दिली, आणि दुसऱ्यांदा ती शेजाऱ्यांनाही ऐकू गेली असणार. पप्पा म्हणाले, "आमच्याकडे गळती दिसली आणि माणूस बोलला नाही, तर त्याला परत आत घेत नाहीत." मग आमटी वाढून घेतली आणि जेवत राहिले. मला उठताही येईना आणि बसवेनाही.

तोवर शहराने दादाची सालं काढायला सुरुवात केली होती. पहिला चुकलेला बॉल मोबाइलवर गाणी लावून फिरत होता. ज्या मंडळाने मोठी शाल दिली होती त्यातलाच एक जण म्हणाला, बाहेरचेच बरे. फ्लेक्स एका रात्रीत उतरला आणि तिथे वाढदिवसाचा लागला. दादा मुकाट्याने प्रॅक्टिसला जात होता.

नवव्या दिवशी संध्याकाळी मी एकटीच कोर्टवर होते. क्लबच्या बाजूने दादा आला, आणि त्याच्यामागे पगडी दिसली. सरदारजी! राखेत बूट उमटवत ते येऊन उभे राहिले आणि आधी रिंगकडेच बघत बसले. "ये किसने बनाया? छोटा है," ते म्हणाले. मग मला म्हणाले, "बेटा, मैं तो समझा कोपर किसी देवता का नाम है. तूने नाम लिया और बॉल अंदर! तीन दिन बाद इसने मतलब बताया." मी दादाकडे बघितलं. तो बुटाच्या टोकाने राख उकरत होता. कोचनी सांगितलं की त्यांच्या केरळच्या खेळाडूचेही फ्री थ्रो जात नाहीत, त्यांनी सगळं करून बघितलं. आणि ओंकार म्हणतो की त्याच्या बहिणीला लांबून दिसतं. येशील का उद्या, नुसतं बघायला?

ज्याच्याशी मी तसं वागले होते त्या दादाने माझं नाव कोचला सांगितलं होतं, आणि तेही माझ्याशी अबोला असताना. मी म्हणाले, "दादा, तू..."

"रडू नकोस, राख चिकटेल," तो म्हणाला. आठ दिवसांनंतरचं पहिलं वाक्य. "माझी एक अट आहे. दिसेल ते त्याच दिवशी सांगायचं. मला, त्याला, कुणालाही. आवडलं, नाही आवडलं तरी."

"बरं."

"मग सांग." त्याने बॉल घेतला, लाइनवर उभा राहिला आणि टाकला. गेला. "आता काय दिसलं?"

"डावा पाय," मी म्हणाले. "पुढे जातो."

त्याने पाय मागे घेतला. "आणखी?"

"श्वास धरून ठेवतोस. आणि तोंड उघडं राहतं."

"आणखी?"

"डोकं उजवीकडे कलतं. बॉल आपटताना अंगठा आत जातो. चुकला की लगेच लोकांकडे बघतोस."

सरदारजी मराठी न कळताही मोजत होते. त्यांची पाच बोटं मिटून झाली होती आणि त्यांनी दुसरा हात पुढे केला होता. दादाने बॉल काखेत धरला आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं तो भांडी घासायला जाताना बघायचा.

"बास," तो म्हणाला. "उरलेल्या उद्या."